योमनाच्या घरचा गुरुवार

गाव हार्वेल, बर्कशायर. दक्षिण इंग्लंड. आज हे गाव ऑक्सफर्डशायरमध्ये मोडतं आणि अणुसंशोधन केंद्रामुळे ओळखलं जातं. आपल्याला मात्र चारशे वर्षं मागं जायचंय. १६१० ते १६२० च्या मधला एखादा जानेवारी. इथं रॉबर्ट लोडर नावाचा योमन शेती करतो. जन्म १५८९ चा, म्हणजे विशीतच जमीन हातात आली. तेव्हापासून दहा वर्षं त्यानं वही ठेवली. पेरलं किती, पिकलं किती, विकलं किती आणि घरात खाल्लं किती. ती वही टिकली, आणि १९३६ मध्ये छापूनही निघाली.

योमन म्हणजे उमराव नव्हे आणि मजूरही नव्हे. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्न देणारी स्वतःची जमीन असली की पार्लमेंटच्या निवडणुकीत मत मिळायचं. हा नियम १४३० चा. पण खरी ओळख वेगळी. जमीनदार साहेब शेतावर माणसं पाठवतो. योमन माणसांबरोबर जातो.

लोडरच्या वहीत घड्याळ नाही. ते आहे जर्व्हास मार्कहॅमच्या पुस्तकात. या गृहस्थानं जनावरांच्या आजारांवर इतकी पुस्तकं काढली, की १६१७ मध्ये लंडनच्या पुस्तकवाल्यांनी त्याच्याकडून लिहूनच घेतलं: घोडा, बैल, गाय यांच्या रोगांवर यापुढे एक ओळ लिहिणार नाही. शेतीवरही त्यानं लिहिलं. १६२० च्या पुस्तकात नांगऱ्याचा अख्खा दिवस तासातासानं मांडलाय. तेव्हा आजचा दिवस असा जुळवलेला आहे: वेळा मार्कहॅमच्या, वही लोडरची, आणि अडेल तिथं त्या काळच्या इतर लिहिणाऱ्यांची मदत.

वार गुरुवार. कारण संध्याकाळी कळेल.

पहाटे ४

नांगऱ्या चारच्या आधी उठतो. तो सालगडी आहे. लग्न झालेलं नाही, वय विशीच्या आसपास, राहायला मालकाच्याच घरात, माळ्यावर. देवाचं नाव घेऊन तो खाली उतरतो आणि तबेल्यात जातो. आधी शेण-लीद काढायची. मग घोड्यांना खरारा. मग पाणी. मग वैरण, आणि ती एकदम टाकायची नाही, थोडी थोडी. घोडं नाक मारून खराब करतं आणि मग खात नाही, हे कुठल्याही देशातल्या गड्याला माहीत असतं.

जनावरं खातात तोवर हा रिकामा बसत नाही. मानेचे गळपट्टे, ओढण्या, दोर, साखळ्या, एकेक वस्तू उचलून बघायची. कुठं शिवण उसवली, कुठं वादी सुटली. शेतात तुटलं तर घरापर्यंत परत यावं लागतं, आणि जानेवारीचा दिवस तेवढा मोठा नाही. या सगळ्याला दोन तास. मार्कहॅमचा हिशोब तसाच आहे: चार ते सहा जनावरांचे.

पहाटे ५

घरधनीण चुलीशी. रात्री राखेखाली झाकलेला विस्तव उकरायचा. फिट्झहर्बर्ट नावाच्या लेखकानं १५२३ मध्ये शेतकऱ्याच्या बायकोच्या कामांची यादी दिली आहे. झाडलोट, दूध काढणं, वासरं पाजणं, दूध गाळणं, पोरांना उठवून कपडे घालणं, न्याहारी, जेवण, रात्रीचं जेवण. लोणी, चीज. डुकरांना सकाळ-संध्याकाळ खाणं. कोंबड्या, अंडी. धान्य उफणणं. माल्ट करणं. कपडे धुणं. गवत वाळवणं, कापणी. गरज पडली तर खताची गाडी भरायला आणि नांगर हाकायला नवऱ्याला मदत. बाजारात लोणी-अंडी विकून आलेल्या पैशांचा हिशोब पुन्हा नवऱ्याला द्यायचाच. नवऱ्यानंही तिला द्यावा, असं तो म्हणतो. हे बरं म्हणतो.

त्या यादीत एक गोष्ट मला फार खरी वाटते. धान्य गिरणीत पाठवताना मापून पाठवायचं आणि पीठ आलं की पुन्हा मापायचं. गिरणीवाला आपला वाटा पिठातूनच घेतो. तो किती घेतो, यावर घराचा डोळा.

थंडीत गायी कमी दूध देतात, त्यामुळे आज दुधाचं काम हलकं. उन्हाळ्यात तसं नाही. बिशप ह्यू लॅटिमर हा योमनाचा मुलगा. १५४९ मध्ये राजासमोर प्रवचन देताना त्यानं सांगितलं, की आपली आई तीस गायींच्या धारा काढायची.

सकाळी ६

न्याहारी. अर्धा तास, त्याहून जास्त नाही. पाव, चीजचा तुकडा, पातळ बिअर. बिअर पोरांनाही.

पाव सगळ्यांचा एक नसतो. यॉर्कशायरमध्ये हेन्री बेस्ट नावाच्या शेतमालकानं १६४० च्या सुमाराला हे नीट लिहून ठेवलंय. मालकाच्या घरच्या ‘पाय’ नावाच्या भाजलेल्या पदार्थासाठी उत्तम गहू. गड्यांचा पाव तांबडा: राय, वाटाणा आणि जव यांच्या पिठाचा. छप्पर एक, चूल एक, टोपलीत पाव दोन तऱ्हेचे.

बेस्टनं पगारही लिहिलेत. गडी-मोलकरणी ठरवण्याची वेळ नोव्हेंबरची. सौदा ठरला की हातावर विसार ठेवायचा. त्याला नाव ‘देवाची पेनी’. घेतली की साल पक्कं. मुख्य गड्याला वर्षाचे पाच मार्क, म्हणजे ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स. मोलकरीण पूर्वी १८ शिलिंगांत मिळायची, आता धडधाकट मुलगी २४ च्या खाली येत नाही, अशी त्याची तक्रार. ठरवताना तिला विचारायचं: शिवता येतं का, धुता येतं का, दूध काढता येतं का, पाव भाजता आणि बिअर गाळता येते का. साल संपायच्या आत काम सोडायचं नाही, तीन महिन्यांची सूचना द्यायची, आणि जाताना दाखला न्यायचा. हा १५६३ चा कायदा. दाखल्याशिवाय दुसरीकडं कुणी ठेवून घ्यायचं नाही.

सकाळी ६.३०

घोडे जुंपायचे. अर्धा तास.

सकाळी ७

मार्कहॅम म्हणतो, सातला नांगर लागला पाहिजे. पण जानेवारीत हार्वेलला सूर्य उगवतो आठच्या सुमारास. मला वाटतं, पुस्तक लिहिताना साहेब शेकोटीजवळ असावेत. सातला घरून निघाले, असं आपण धरू. अंधुक उजेडात जोडी गल्लीतून बाहेर पडते. पुढं हाताखालचा पोरगा घोड्यांच्या तोंडाशी, मागं नांगऱ्या.

जमीन सलग नाही. गावाची मोठमोठी उघडी शेतं, मधे कुंपण नाही. त्यात प्रत्येकाच्या लांबट पट्ट्या, एक इथं, एक तिथं. शेजाऱ्याच्या पट्टीला लागून आपली पट्टी. काय पेरायचं, गुरं कधी सोडायची, हे गावानं ठरवायचं.

दिवसाला एक एकर, असं मोजमाप. एकर आपल्याला ओळखीचाच. आपले ४० गुंठे. हा एकर तिकडूनच आला, आणि तिथं तो मुळात जोडीच्या एका दिवसाच्या कामाचा. लांबी २२० यार्ड, रुंदी २२. नऊ इंची तास धरला तर ८८ तासं पडतात. म्हणजे नांगराच्या मागं ११ मैल चालणं. पावणेअठरा किलोमीटर, तेही ओल्या ढेकळांतून, दोन्ही हात रुमण्यावर. वळायचं ते वेगळं.

चालायचं म्हणजे नुसतं चालायचं नाही. फाळाच्या पुढं एक उभी लोखंडी सुरी असते. ती आधी माती चिरते, मग फाळ खालून कापतो, मग फळी ढेकूळ पालथं पाडते. ओल असली की चिकण माती फळीला धरते आणि नांगर जड होतो. मग थांबायचं. नांगराला अडकवलेली एक काठी असते, टोकाला लोखंडी पातं. तिनं माती खरवडायची, काठी परत अडकवायची, घोड्यांना आवाज द्यायचा. पन्नास पावलांवर पुन्हा तेच. दगड लागला की रुमणं बरगडीत बसतं. नांगर खोल गेला तर घोडे थांबतात, उथळ गेला तर मालक विचारतो.

पोराला पगार जवळजवळ नाहीच. पोटाला मिळतं, वर कपडालत्ता आणि थोडे पैसे. मोठा झाला की तोही रुमणं धरेल.

सकाळी ९

लोडर फेरी मारायला निघतो. फिट्झहर्बर्टचा जुना सल्ला: शेतकऱ्यानं शिवारात फिरताना जवळ वही ठेवावी आणि दिसलेला प्रत्येक दोष टिपावा. फट पडलेलं कुंपण, तुंबलेला चर, लंगडणारी मेंढी. लिहिता येत नसेल तर काठीवर खाचा पाडाव्यात आणि संध्याकाळी एकेक खाच गड्यांना दाखवावी. लोडरला लिहिता येतं.

आधी खळ्याचं कोठार. आत मळणीवाला. त्याच्या हातात दोन दांडके, कातडी वादीनं जोडलेले. लांब दांडका धरायचा, आखूड दांडका फिरवून पेंढीवर आपटायचा. कोठाराची दोन्ही दारं उघडी, म्हणजे वारा आरपार जातो आणि भूस उडून जातं. बाहेर गारठा असला तरी याच्या अंगावर सदराच. हिवाळाभर हेच काम. सगळं पीक एकदम झोडत नाहीत. लागेल तसं झोडायचं. घोड्यांना ताजा पेंढा मिळतो, आणि धान्य पेंढीत राहिलं तर भाव चढेपर्यंत थांबता येतं. ज्याला थांबता येतं तो योमन. ज्याला मार्चच्या आत विकावंच लागतं, तो त्याचा शेजारी.

मळणीवाला सालगडी नाही. त्याचे पैसे क्वार्टरवर, म्हणजे आठ बुशेलांवर. गव्हाचा एक क्वार्टर दोन क्विंटलच्या वर जातो. अंगावर काम घेतलेला माणूस हात भराभर चालवतो आणि दाणे कणसात राहून जातात. म्हणून लोडर पेंढा मुठीत घेऊन चुरगाळून बघतो. कामगार जवळपास सगळेच मालकाशी हातचलाखी करतात, असं त्यानं वहीत नोंदवलंय. मळणीवाल्याची वही नाही. असती तर तीही वाचायला आवडली असती.

रोजंदारीचा माणूस दक्षिणेत दिवसाला ८ पेन्सच्या आसपास मिळतो, जेवण त्याचं त्याला. त्याचेही तास कायद्यानं ठरवलेत. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पहाटे पाच ते संध्याकाळी सात-आठ. खाण्यापिण्याला आणि वामकुक्षीला मिळून अडीच तास, वामकुक्षी फक्त मे ते ऑगस्ट. हिवाळ्यात उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. जितके तास गैरहजर, तितक्या पेन्स कापायच्या.

मग कबुतरखाना. लोडर कबुतरं विकतो आणि त्यांची विष्ठा शेतात घालतो. माल्ट भाजल्यावर उरणारी काळी धूळसुद्धा खत म्हणून पसरतो. कोणत्या पट्टीत काय टाकलं आणि तिथं जव किती आला, हे वहीत. बागेत चेरीची झाडं, आत्ता नुसत्या काड्या. उन्हाळ्यात चेरी ॲबिंग्डनच्या बाजारात जाते, आठ-दहा किलोमीटरवर. झाडाला फळ किती, विकलं किती, तेही वहीत.

सकाळी ११

साहेब लोक अकराला जेवतात. हे विल्यम हॅरिसननं लिहिलंय, एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री. शेतकरी बाराला.

योमनाघरी अकराला बिअरचं काम चाललेलं असतं. भट्टीघरात वाफ. मोठ्या पिंपात माल्ट, म्हणजे मोड आणून भाजलेले आणि भरडलेले जव. त्यावर उकळतं पाणी. ढवळायला लाकडी वल्हं. ढवळते मोलकरीण, तोंडानं सांगते घरधनीण. पहिलं पाणी काढलं की त्याच माल्टवर दुसरं, मग तिसरं. शेवटच्या पाण्याची बिअर पातळ, ती गड्यांची.

हॅरिसनची बायको मोलकरणीला घेऊन महिन्यातून एकदा बिअर गाळायची. नवऱ्यानं तिचा हिशोब छापलाय: माल्ट १० शिलिंग, लाकूड ४ शिलिंग, हॉप्स २० पेन्स, मसाला २ पेन्स, नोकरांची मजुरी जेवणासकट अडीच शिलिंग, भांड्यांची झीज २० पेन्स. बेरीज २० शिलिंग बरोब्बर. त्यात दोनशे गॅलन बिअर. गॅलनला सव्वा पेनीच्या आत. भांड्यांची झीज धरणारी ही बाई मला लोडरच्या जवळची वाटते. त्यांची भेट झाली असती तर बोलणं रंगलं असतं. बायकोचे स्वतःचे श्रम मात्र या बेरजेत नाहीत.

दुपारी १२

लोडर जेवतो. नांगऱ्या अजून शेतात.

दुपारी २.३०

नांगर सुटतो. मार्कहॅम दोन ते तीनच्या मधली वेळ देतो. साडेसात तास झाले. घोडे पुढं, नांगऱ्या मागं, पोरगा आता घोड्यावर. घरी आल्यावर आधी घोडे पुसायचे, खुरांतला चिखल काढायचा, वैरण टाकायची. माणसाचं जेवण नंतर.

दुपारी ३.३०

जेवण, अर्धा तास. वाटाण्याचं दाट पिठलं, त्यात खारवलेल्या डुकराचा तुकडा. तांबडा पाव. बिअर.

दुपारी ४

परत तबेल्यात. साडेचारला दिवस मावळतो. पुढचं सगळं कंदिलाच्या उजेडात: खरारा, पाणी, उद्याची वैरण कापून ठेवणं. सहापर्यंत.

संध्याकाळी ६

आज गुरुवार, म्हणजे भाजलेलं मांस. थॉमस टसरनं शेतीचे नियम पद्यात लिहिले, त्यात हे आहे: रविवार आणि गुरुवारची रात्र नांगऱ्यांच्या भाजलेल्या मांसाची. तो त्यांचा हक्कच. मालकानं विसरायचं नाही. टसरचं पुस्तक घरोघरी गेलं. तो स्वतः शेतीत बुडाला आणि १५८० मध्ये लंडनला कर्जदारांच्या तुरुंगात मेला.

लांब टेबल. एका टोकाला मालक-मालकीण, मग पोरं, मग गडी आणि मोलकरणी. हॅरिसनच्या गावातले म्हातारे सांगायचे, की आमच्या लहानपणी लाकडी थाळ्या आणि लाकडी चमचे होते. आता योमनाघरी कथलाच्या मिश्रधातूच्या थाळ्या आल्या, धुराडी आली, उशा आल्या. पूर्वी उशीच्या जागी लाकडाचा ओंडका असायचा.

संध्याकाळी ६.३०

जेवणानंतर शेकोटीपाशी बसायचं, पण हात चालू ठेवून. मार्कहॅमची यादी: स्वतःचे आणि घरच्यांचे जोडे शिवणं, भांगेचा किंवा जवसाचा वाख कुटणं, रानसफरचंदं चेचून त्यांचा आंबट रस काढणं, जात्यावर माल्ट भरडणं, लव्हाळे सोलणं. लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवला की वात होते, मेणबत्तीचे पैसे वाचतात. दाभण, मेणाचा दोरा, जुन्या जोड्याचं चामडं. दिवसभर रुमणं धरलेल्या हातांना बारीक दाभण धरायला वेळ लागतो.

लोडर वही काढतो. त्याच्या हिशोबाची मजा अशी की तो स्वतःलाही सोडत नाही. शेतीत गुंतलेला पैसा व्याजानं लावला असता तर काय मिळालं असतं, तेही तो धरतो. कायद्यानं तेव्हा शेकडा दहापर्यंत व्याज घेता येत होतं. घोड्यांचा खर्च तो धरतो. घरात किती गहू आणि किती माल्ट संपलं, ते माणशी वाटून बघतो. आणि तिथं त्याला कळतं, की गड्याचा पगार ही मोठी बाब नाही. मोठी बाब त्याचं खाणंपिणं. पगाराच्या कितीतरी पट.

आपणही करून बघू. बेस्टचे दर उत्तरेकडचे आणि वीस-पंचवीस वर्षं नंतरचे, तरी अंदाज येतो. मुख्य गड्याचे पाच मार्क म्हणजे ८०० पेन्स. रोजंदारीच्या ८ पेन्सनं शंभर दिवसांची मजुरी. मोलकरणीचे २४ शिलिंग, छत्तीस दिवसांची. वर्ष मात्र पूर्ण राबायचं. उरलेलं सगळं पाव, बिअर आणि माळ्यावरची जागा.

म्हणून लोडरच्या मनात एक प्रश्न फिरत असतो: घरात माणसं ठेवावीत, की रोजंदारीनं बोलवावीत? धान्य स्वस्त असतं तेव्हा सालगडी परवडतो. धान्य महागलं की त्याच्या पानातला प्रत्येक घास बाजारात विकता आला असता, असं दिसू लागतं. समोर शेकोटीशी तो गडी बसलाय, मालकाच्याच पोराचा जोडा शिवत.

रात्री ८

नांगऱ्या कंदील घेऊन उठतो. पुन्हा तबेला. लीद काढायची, पेंढा पसरायचा, रात्रीची वैरण टाकायची, दावी बघायची. मग देवाचे आभार आणि माळा. हॅरिसनच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीत नोकराला वरून चादर मिळाली तरी पुष्कळ, खाली घालायला नाहीच. गवताच्या काड्या टोचायच्या.

उद्या शुक्रवार, कायद्यानं मासळीचा वार. धर्मासाठी नाही, असं कायद्यातच लिहिलंय. कोळी आणि खलाशी वाढावेत म्हणून. घरचं डुक्कर असताना खारवलेली मासळी रोख पैसे देऊन आणायची. लोडर ते पैसे वहीत खर्चाच्या बाजूला लिहील.